चौतीस पॉइंट आठ

९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

फोन केला असता, पण फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस. म्हणून लिहिते.

कार्यशाळेतला तुझा कॉम्प्युटर बसला आहे. म्हणजे चालू होतो, खिडक्या-बिडक्या उघडतात, पण तुझा प्रोग्राम उघडला की पांढरी चौकट येते: ‘डेटाबेस उघडता येत नाही.’ ठीक म्हटलं की चौकट जाते आणि प्रोग्रामही जातो. परवा वीज गेली होती, त्यानंतरच हे सुरू झालं.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने मागचं झाकण काढून प्लास्टरची धूळ उडवली, दोनदा शिंकला आणि म्हणाला, “ताई, ही सिस्टिम बनवणाऱ्यांनीच कधीची सोडून दिली. तुम्ही कशाला धरून बसलात?” नव्या कॉम्प्युटरवर तुझा प्रोग्राम टाकायचा प्रयत्न त्याने केला. नवा कॉम्प्युटर त्याला दारातही उभं करेना.

बाराशे चाळीस माणसांच्या पायांची मापं त्यात आहेत, मामा. शाळेच्या स्वयंपाकघरातली एक बाई समोर बसली आहे, तिचं सॉकेट तडकलंय. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाची, उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी, हे तुला सांगायला नको. तिच्या पायावर सूज आहे, त्यामुळे आज घेतलेलं माप खोटं येणार. जुनं माप हवं. ती कुबड्यांवर कढया उचलू शकत नाही.

बाबा बरे आहेत. त्या पायांचे पट्टे शिवत बसतात. कॉम्प्युटर बंद पडला म्हटल्यावर “बरं झालं” एवढंच म्हणाले.

तुझी,
खडू


१० नोव्हेंबर

खडूबाई,

सोळा वर्षांनी मामाची आठवण आली ती त्याच्या यंत्राने मान टाकल्यावर. चालायचं.

दुरुस्तीवाल्याला यंत्रापासून लांब ठेव. धूळ उडवून डेटाबेस बरा होत नसतो.

आता नीट वाच. त्या कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी चालतात. तुम्ही ज्यावर टिचकी मारता तो माझा प्रोग्राम हा फक्त काउंटरवरचा माणूस. मागच्या कोठारात बसून फायली काढून देणारा डेटाबेस सर्व्हर वेगळाच. तो सिस्टिमबरोबर आपोआप सुरू होतो, दिसत मात्र नाही. काउंटरवरचा ओरडतोय याचा अर्थ कोठारवाला एकतर आलेलाच नाही, नाहीतर आला आहे आणि त्याला फाइल मिळत नाही.

एक: कंट्रोल पॅनेलमधून सर्व्हिसेसची यादी उघड. आपल्या सर्व्हरच्या नावापुढे ‘सुरू आहे’ असं दिसतं का?

दोन: सर्व्हरच्या फोल्डरमध्ये चुकांची नोंद ठेवणारी फाइल असते. तिच्या शेवटच्या वीस ओळी जशाच्या तशा मला पाठव. अर्थ लावू नकोस, नुसती नक्कल कर.

तीन: रोजचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो ना? शेवटचा कधीचा आहे?

काही पुसायचं नाही, काही नवं टाकायचं नाही.

मामा


१२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सर्व्हिस सुरू आहे. म्हणजे कोठारवाला आलाय.

वीस ओळी खाली जोडल्या आहेत. अर्थ लावायचा नाही म्हणालास, तरी मला सतरावी ओळ कळली. मापांच्या डेटाबेसची लॉग फाइल सापडत नाही, म्हणून तो डेटाबेस ‘संशयित’ ठरवला आहे, असं काहीसं. संशयित! जसं काही त्यानेच चोरी केली.

स्वयंपाकीणबाई काल पुन्हा आल्या होत्या. आमच्या कारागिराने तडकलेल्या सॉकेटला तात्पुरती पट्टी मारून दिली. तो म्हणतो, आठ दिवस निघतील, नववा दिवस त्याच्या जबाबदारीवर नाही.

तुझी,
खडू


१३ नोव्हेंबर

खडू,

बॅकअपबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मी ते वाचलं.

लॉग फाइल म्हणजे सर्व्हरची कच्ची वही. कुठलीही नोंद आधी तिच्यात होते, मग पक्क्या फाइलमध्ये जाते. वीज गेली तर सर्व्हर दोन्ही जुळवून पाहतो. कच्ची वही नसेल तर पक्क्या फाइलवर त्याचा विश्वास बसत नाही, अर्धवट काही राहिलंय का हे त्याला कळायला मार्गच नसतो. म्हणून संशयित.

पण वीज गेल्याने वही बिघडते, नाहीशी होत नाही. तुमच्याकडे पाय बनवत असतील, म्हणून फाइलला पाय फुटायचं कारण नाही. मला डिस्कचाच संशय येतोय. डिस्क तपासायची आज्ञा खाली लिहून देतो. सकाळी कामाला लावलीस तर संध्याकाळपर्यंत संपेल. तोवर यंत्राला हात लावायचा नाही. मग निकाल कळव.

डिस्कवर डाग पडले असतील तर प्रकरण अवघड आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. पक्की फाइलही मधोमध फाटलेली असू शकेल. भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस.

मामा


१९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

डिस्क तपासून झाली. एकही डाग नाही. दुसऱ्यांदा तपासली, तरी नाही. हे मला आधीपासूनच माहीत होतं म्हणून सहा दिवस लिहिलं नाही.

वीज गेलीच नव्हती. लॉग फाइल मी पुसली.

महिनाभर कॉम्प्युटर ‘डिस्क भरली’ म्हणून कुरकुरत होता. एक पेशंट नोंदवायला पाच मिनिटं लागायची. मी सगळ्यांत मोठी फाइल शोधली, तर अकरा जीबीची एकच निघाली आणि तिच्या नावात लॉग होतं. मला वाटलं, कोण कधी आलं-गेलं याची जुनी टिपणं असतील. पुसायला गेले तर म्हणाला, वापरात आहे. मग मी सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन सर्व्हर थांबवला, फाइल पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. एवढं सगळं करताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

बॅकअपचं राहिलं. बाहेरची डिस्क तीन वर्षांपूर्वी टेबलावरून पडली. नवी आणायची राहून गेली.

वीज गेली हे का लिहिलं, तर तू हसशील असं वाटलं. मग तू डिस्कमागे लागलास आणि खरं सांगणं आणखी जड झालं. काल स्वयंपाकीणबाईंची पट्टी सुटली. त्या बाकावर बसून राहिल्या. तेव्हा ठरवलं की आज लिहायचंच.

आता रागाव.

खडू


२० नोव्हेंबर

अगं वेडाबाई,

सर्व्हर आधी थांबवलास आणि मग पुसलीस? हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर त्याच दिवशी संध्याकाळी काम झालं असतं!

सर्व्हर शिस्तीत थांबवला की तो जाण्याआधी कच्च्या वहीतलं सगळं पक्क्या फाइलमध्ये उतरवून जातो. म्हणजे तू वही जाळलीस खरी, पण सगळा मजकूर उतरवून झाल्यावर. पक्की फाइल शाबूत असणार. वीज गेली असती तर रडायची पाळी होती. मी सहा दिवस त्याच कल्पनेने जेवत नव्हतो.

आता हे क्रमाने कर. सर्व्हर थांबव. पक्क्या फाइलची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक आणखी कुठेतरी घे. दोन कॉपी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग सर्व्हर सुरू कर, संशयित डेटाबेसची नोंद यादीतून काढ, पण फाइल पुसू नकोस, नुसती नोंद. मग खालची एक ओळ टाइप कर. तिने सर्व्हरला सांगितलं जातं, की बाबा, ही एकच फाइल आहे, तिच्यावरून नवी कच्ची वही बनव आणि कामाला लाग. अवतरणचिन्हं सरळ हवीत, वाकडी नकोत.

डेटाबेस उघडला की आधी त्या बाईंचं माप काढून दे. लॉग पुन्हा फुगू नये म्हणून तिला मर्यादा घालायची रीतही खाली दिली आहे. ती मी सोळा वर्षांपूर्वीच घालायला हवी होती.

आणि जागा करायचीच असेल तर डेटाबेसमध्ये ‘फेरफार’ नावाचा एक तक्ता आहे, तो पुसून टाक. माझी प्रोग्रामविषयीची जुनी टिपणं आहेत, आता कुणाच्या उपयोगाची नाहीत. पुसायची ओळ शेवटी लिहिली आहे.

मामा


२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

उघडला!

ओळ टाइप केली तेव्हा पहिल्यांदा अवतरणचिन्ह वाकडं पडलं. दुसऱ्यांदा सरळ. मिनिटभर काहीच झालं नाही. मग खाली आलं, की नवी लॉग फाइल तयार केली आहे. प्रोग्राम उघडला आणि बाराशे चाळीसच्या बाराशे चाळीस माणसं आपापल्या जागी. मी कारागिराला एवढ्या जोरात हाक मारली की तो हातातला प्लास्टरचा साचा घेऊनच धावत आला.

स्वयंपाकीणबाईंचं माप त्याला काढून दिलं. त्याने साचा तासायला घेतला आहे.

‘फेरफार’ मात्र मी पुसला नाही. एकदा न बघता पुसून बसले आहे, म्हणून या वेळी बघून पुसायचं ठरवलं. तर त्याला जागा म्हणशील तर काहीच लागत नाही. एकोणीस ओळी आहेत. चौदावी अशी आहे:

‘नव्या आवृत्तीत मापांचे रकाने चुकून पूर्णांक झाले होते. दशांश गळत होते. आज दुरुस्त केले. मधल्या नऊ दिवसांत अकरा पेशंट.’

मी तारीख पाहिली, मग त्या अकरा जणांची यादी काढली. सातवं नाव शिंपीकाकांचं आहे.

मामा, मी तेव्हा शाळेत होते, पण घरात काय चाललं होतं ते मला आठवतं. पंधरा दिवसांत अकरा सॉकेटं घट्ट झाली. दहा जण ओरडत परत आले, बाबांनी ती पुन्हा करून दिली. शिंपीकाकांना मधुमेह, त्यांच्या पायाला काही जाणवायचंच नाही. जखम झाली, चिघळली आणि गुडघ्याच्या वर पुन्हा कापावा लागला. बाबा म्हणाले, “माझा हात गेला.” त्या दिवसानंतर त्यांनी साच्याला हात लावलेला नाही. सोळा वर्षं पट्टे शिवतायत.

तुला हे माहीत होतं का?

खडू


२७ नोव्हेंबर

मामा,

पाच दिवस झाले. तब्येत बरी नसेल तर तसं कळव. बरी असेल तर उत्तर दे.

खडू


१ डिसेंबर

प्रिय खडू,

तब्येत बरी आहे.

मला माहीत होतं.

नवी आवृत्ती मी शनिवारी टाकली. रकान्याचा प्रकार निवडताना एक ओळ चुकली. आकडा भरताना पडद्यावर बरोबर दिसायचा, साठवताना पॉइंटनंतरचं गळून जायचं आणि छापील चिठ्ठीवर उरलेलं यायचं. भाऊजी त्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवत. ठेवायला मीच तर सांगितलं होतं. “आता पुन्हा मोजत बसू नका, यंत्र चुकत नाही.”

सॉकेट ज्यावर घडतं तो साचा ते तासून चिठ्ठीवरच्या आकड्यावर आणायचे. त्यांचा हात इतका पक्का होता की चिठ्ठीत चौतीस असेल तर साचा चौतीसच यायचा. हात कच्चा असता तर एखादा सैल राहिला असता.

नवव्या दिवशी मला चूक सापडली. माप घेणाऱ्या बाईंचे मूळ कागद मागवून मी ताडून पाहिले. शिंप्याच्या कागदावर पायाचा घेर चौतीस पॉइंट आठ सेंटिमीटर होता. चिठ्ठीवर चौतीस. तेव्हा त्याला सॉकेट देऊन चार दिवस झाले होते. मी त्याच क्षणी उठून सांगितलं असतं, तर पाय वाचला असता. मी स्वतःशी म्हटलं, घट्ट झालं असेल तर बाकीच्यांसारखा येईल परत. त्याला मधुमेह आहे हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नाही. रकाना दुरुस्त केला, सवयीने टिपण लिहिलं आणि तो कागद खिशात घातला. घरी जाऊन फाडला.

दीड महिन्याने कळलं. भाऊजी म्हणाले, माझा हात गेला. मी समोर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर त्यांचा हात परत आला असता. मी म्हटलं, “होतं असं वयोमानाने.” ते तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.

त्यानंतर तुमच्याकडे येणं जमेना. ताई गेली तेव्हाही दोन दिवसांत परत निघालो. तुला वाटलं असेल, भाऊजींनी माझ्या यंत्राला नावं ठेवली म्हणून मी रुसलोय. तसं वाटू दिलं.

तक्ता पुसायला सांगितला त्याचं कारण जागा नव्हतं, हे तुला कळलंच आहे. तू लॉगची गोष्ट खरी लिहिलीस, तेच पत्र समोर ठेवून मी तुला ते खोटं लिहिलं.

ही मेल छापून भाऊजींना दे. मी वेगळी लिहायला बसलो होतो, चार वेळा बसलो. यापेक्षा चांगली जमत नाही.

मामा


६ डिसेंबर

मामा,

बाबांना दिली.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग म्हणाले, “शिंप्याचा पत्ता आहे का त्या यंत्रात?” मी काढून दिला. एवढंच. रागावले नाहीत, रडले नाहीत. जेवले नेहमीसारखे. मी भांडी घासत होते तर मागून म्हणाले, “अकराच्या अकरा एकसारखे घट्ट होते. एकसारखे! हात गेलेल्या माणसाचं काम एकसारखं चुकतं का? एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

काल आम्ही दोघं शिंपीकाकांकडे गेलो. एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, मावेल एवढंच. पायाने चालवायचं मशीन गेलं, आता विजेचं आहे, कोपराने कळ दाबतात. बाबांना पाहून ते उठायला लागले. बाबांनी खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. तुझं नाव, चिठ्ठी, चौतीस, पॉइंट आठ, फाडलेला कागद, काही गाळलं नाही.

काका बराच वेळ टेबलावरचा कापडाचा तुकडा सरळ करत राहिले. मग म्हणाले, “मी समजत होतो माझंच चुकलं. पट्टा मी फार आवळायचो, गिऱ्हाइकासमोर पाय हलू नये म्हणून. बायको सांगायची, सैल करा, सैल करा. ती जाईपर्यंत म्हणत होती की तुम्ही माझं ऐकलं नाही. मी तिला म्हणायचो, हो बाई, नाही ऐकलं.”

बाबा तिथेच स्टुलावर बसले.

काकांनी विचारलं, “ज्यानं केलं तो आहे का?”

“आहे. लांब असतो.”

“मग त्यानं येऊन मला सांगायला हवं. तुम्ही का आलात? तुमचं काय चुकलं?”

बाबांनी वाकून काकांच्या मांडीचं सॉकेट हाताने हलवून पाहिलं.

मला तुझ्यावर किती राग आहे ते अजून मोजता आलेलं नाही, मामा. तू फाइल परत मिळवून दिलीस आणि त्यातूनच हे निघालं. दोन्ही खरं आहे. मी सध्या दोन्ही तसंच ठेवलंय.

स्वयंपाकीणबाईंचा पाय तयार झाला. परवा घालून गेल्या. दारापर्यंत जाऊन परत फिरून बघितलं, म्हणाल्या, “टोचत नाही कुठं.”

खडू


१० डिसेंबर

(बाबांनी हाताने लिहिलंय. मी फक्त टाइप केलं. — खडू)

चि.,

तुझी पत्रं वाचली. सगळीच, यंत्राचीसुद्धा. खडूला तू छान समजावून सांगतोस. मला कधी असं सांगितलं नाहीस.

राग आहे. तो कागदावर मावणार नाही, म्हणून तू समोर आल्यावर बोलेन. तुला ऐकू कमी येत असलं तरी तेवढं ऐकू येईल.

शिंप्याच्या मांडीचं सॉकेट जुनं झालंय, सैल वाजतं. त्याला मंगळवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. तो येतो म्हणाला, पण तू असशील तरच. तेव्हा सोमवारी संध्याकाळपर्यंत इथे पोच. आधी तुझं बोलणं होऊ दे. तो काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. जे म्हणेल ते उभं राहून ऐकायचं.

त्यानंतर माप तू घे. कागदावर, पेनने, पॉइंटनंतरचं सगळं धरून. मी शेजारी बसून दुसऱ्यांदा मोजणार आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दोघांचा आकडा एक आला तरच यंत्रात भरायचा.

साचा मी तासणार. आज सकाळी एका टाकाऊ साच्यावर हात चालवून पाहिला. चौतीस पॉइंट आठ धरला होता. टेपने मोजला तेव्हा तेवढाच भरला.